प्रयागबाई पोचेपर्यंत

नऊ तास तीस मिनिटं कुठे गेली, हे रुपरावांना कुणी नीट सांगितलंच नाही. सदर भागातल्या विमान कंपनीच्या ऑफिसात काउंटरवरच्या मुलीने एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं होतं : निघणे नागपूर, मंगळवार दुपारी चार, पोचणे टोरांटो, बुधवार सायंकाळी साडेसहा. रुपरावांनी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं आणि म्हणाले, म्हणजे साडेसव्वीस तास. मुलगी हसली. नाही काका, प्रवास छत्तीस तासांचा आहे, तिकडची घड्याळं मागे असतात ना. तिने अंतरही सांगितलं : मुंबईपर्यंत सव्वाचारशे मैल, तिथून लंडन साडेचार हजार, तिथून टोरांटो आणखी साडेतीन हजार. मैलांचं रुपरावांना काही वाटलं नाही. मैल कितीही असले तरी ते जमिनीवर किंवा पाण्यावर कुठेतरी पसरलेले असतात, जाऊन बघता येतात. पण जो माणूस छत्तीस तास बसून राहील आणि ज्याच्या घड्याळात साडेसव्वीसच भरतील, त्याचे मधले साडेनऊ तास कुणाकडे जमा होतात? रेल्वेच्या डाक विभागात, आर.एम.एस.मध्ये, त्यांनी तेहतीस वर्षं धावत्या डब्यात पत्रं लावली होती. नागपूर ते इटारसी, इटारसी ते नागपूर. पत्राला उशीर झाला तर कारण असे, आणि ते कारण लिहून ठेवावं लागे. ऑफिसच्या पायऱ्या उतरताना त्यांचा पाय एकदम चुकला. पडले नाहीत, कठडा धरला, आणि तो धरूनच खाली उतरून घराकडे, सक्करदऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये बसले. आपली बायको, प्रयागबाई, एकटी जाणार, हे त्या क्षणापर्यंत ते फक्त बोलत होते. आता ते त्यांना कळलं.

तिकीट ताराने पाठवलं होतं. तारा त्यांची एकुलती मुलगी, नागपुरातच एम.एस्सी. झाली, आणि नवरा तिकडे शिकवायला गेला तेव्हा त्याच्यामागे गेली. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले होते. माय हवी, असं तिने तीन पत्रांत लिहिलं आणि चौथ्या पत्रात एक तिकीट आलं. बाळंतपणात पुरुषमाणसाचं काय काम, असं रुपरावच म्हणाले होते. मोठ्या मनाने म्हणाले होते असं त्यांना तेव्हा वाटलं. खरं तर अडतीस वर्षांच्या संसारात जायचं ते त्यांनी आणि राहायचं ते प्रयागबाईंनी, असाच रिवाज होता. तो उलटा झाला की कसा दिसेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. प्रयागबाईंनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. बुद्धविहारातल्या बायांच्या वर्गात त्या मराठी अक्षरं जोडायला शिकल्या होत्या, इंग्रजीची मात्र काहीच ओळख नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं की तिकडे पाणी भरून ठेवावं लागतं का. मग डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी, लाखोळीच्या डाळीचं पीठ असं एकेक करून त्यांनी पेटी भरायला घेतली आणि त्या कामात भीतीला बसायला जागाच ठेवली नाही. भीती रुपरावांच्या वाट्याला आली. त्यांनी पुठ्ठ्याची तीन कार्डं कापली, त्यांना भोकं पाडून सुतळी ओवली, आणि आपल्या ठसठशीत, डाक खात्यातल्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं : मला इंग्रजी येत नाही, मला टोरांटोला जायचं आहे, कृपया मला योग्य ठिकाणी बसवावं. खाली ताराचा पत्ता आणि फोन नंबर. मागच्या बाजूला प्रयागबाईंसाठी मराठीत : एक मुंबई, दोन लंडन, तीन टोरांटो. रोज संध्याकाळी ते तिला परीक्षा घेतल्यासारखं विचारत. लंडनला उतरली, मग काय करशील? दोन नंबर दाखवीन. मग? मग ते जिथं बसवतील तिथं बसीन. मग? प्रयागबाई कंटाळून पेटीकडे वळत, आणि रुपराव स्वतःच सांगत, "बसवतील तिथून हालू नको. कोनी काही म्हनो, हालू नको. तुले न्यायले मानूस येईल." शेवटच्या दिवशी त्यांनी ती कार्डं तिच्या गळ्यात घालून लांबी बघितली तेव्हा प्रयागबाई खाली वाकून त्या पुठ्ठ्यांकडे पाहत म्हणाल्या, "मी का पार्सल होय?" रागाने नाही; खरंच विचारल्यासारखं. रुपराव म्हणाले, पार्सल कधी चुकत नाही, माणूस चुकतो. स्वतःचं हे उत्तर त्यांना फार आवडलं होतं.

सोनेगावच्या विमानतळावर त्यांना कठड्यापर्यंतच जाऊ दिलं. पांढरं लुगडं नेसलेली प्रयागबाई चारपाच माणसांच्या मागे उन्हातून चालत गेली. शिडीपाशी ती थांबली, एका म्हाताऱ्याला पुढे जाऊ दिलं, आणि तवा तापला की नाही बघावं तशी शिडीच्या दांडीला बोटं लावून पाहिली. मग चढली. वळून पाहिलं नाही. रुपरावांनी हात वर केला होता तो तसाच राहिला. विमान गेल्यावर आवाज खूप वेळ उरला आणि आवाज गेल्यावर गवतात कुठेतरी टिटवी ओरडत होती.

घरी आल्यावर त्यांना आधी चहा हवासा वाटला. चूल, म्हणजे आता रॉकेलचा स्टोव्ह, पेटवता येत होता. साखर सापडेना. फळीवर एका रांगेत चौदा डबे होते. डालड्याचे, बिस्किटांचे, एक जुना औषधाचा. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी एकेक उघडला. डालड्याच्या डब्यात मोहरी होती, बिस्किटांच्या डब्यात वाळवलेली अंबाडी, आणि चहाचं चित्र असलेल्या डब्यात सुया, दोरे, ताराच्या लहानपणीचं एक पैंजण. तेहतीस वर्षं त्यांनी हजारो खणांवर नावं लावली होती, डोळे मिटून हात टाकला तर बैतूलचं पत्र बैतूलच्या खणात जाई. आणि ज्या घरात ते इतकी वर्षं जेवले त्या घराचं सगळं लावणं एका बाईच्या डोक्यात होतं, आणि ती बाई आता मुंबईच्या वाटेवर आभाळात होती. साखर नवव्या डब्यात निघाली. चहा प्यायला तेव्हा तो निवला होता. त्यांना वाटलं, आपण तिला विचारायला हवं होतं. साखरेचं नव्हे. काय ते त्यांना नेमकं सुचेना, पण काहीतरी विचारायचं राहिलं आहे ही खूण जिभेवर चहाच्या गोडीसारखी बराच वेळ राहिली.

मुंबईत पुतण्या रवींद्र तिला घेऊन लंडनच्या विमानात बसवून देणार होता. तसा निरोप शेजारच्या महादेवरावांच्या फोनवर बुधवारी सकाळी आला. काकू मजेत गेली, तिने विमानतळावरच्या शिपायालाही लाडू दिला, असं रवींद्र म्हणाला. आता रुपरावांनी आपलं मनगटी घड्याळ लंडनच्या वेळेला लावलं, आणि भिंतीवरचं नागपूरच्या वेळेला राहू दिलं. दिवसभर ते दोन घड्याळांच्या मध्ये बसून होते. या वेळी ती समुद्रावर असेल. या वेळी वाळवंटावर. त्यांना वाटलं होतं की ते तिच्याबरोबर सरकत राहतील, जशी डाकेची थैली मनात सरकत राहते : आता पांढुर्णा, आता आमला. पण तसं होईना. विमान दिसे, नकाशा दिसे, ढगही दिसत. खिडकीपाशी बसलेली प्रयागबाई दिसत नसे. ते तिला तिथे बसवायला जात आणि ती उठून घरात येई. विहिरीच्या काठावर बसून भांडी घासताना दिसे, दारात तांदूळ निवडताना दिसे, पाठमोरी दिसे. घराबाहेरची प्रयागबाई त्यांच्याजवळ नव्हतीच. अनोळखी माणसाशी ती कशी बोलते? तहान लागली तर मागते की सोसते? एकटी असताना तिचा चेहरा कसा असतो? अडतीस वर्षांत ती एकटी असताना आपण तिला कधी पाहिलंच नाही, आणि पाहिलं असतं तर ती एकटी राहिली नसती, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते उगीचच उठून अंगणात गेले. कण्हेरीला पाणी घातलं. पुन्हा आत आले. भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे पाच : उतरली. आठ : दुसऱ्या विमानात बसली. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, आता फक्त आठ तास.

गुरुवारी पहाटे चारला त्यांना आपोआप जाग आली. कोंबडं आरवायचं होतं. अंधारात डोळे उघडे ठेवून ते पडून राहिले आणि पोटातून वर येणारं एक हसू त्यांनी तसंच येऊ दिलं. पोचली. या क्षणी तारा तिच्या गळ्यात पडली असेल, जावई पेटी उचलत असेल, आणि ही म्हणत असेल, हळू, आत लाडू हायेत. आता मात्र त्यांना ती स्पष्ट दिसली, ताराच्या शेजारी, कारण तारा ओळखीची होती. ते उठले, नववा डबा अचूक उघडून चहा केला, उजाडल्यावर तलावाकडे चक्कर मारली. तिथे रोज भेटणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले, पोचली हो, चारलाच पोचली. तलावावर धुकं नव्हतं, पाण्यात धोब्यांचे दगड काळे दिसत होते, बगळे एका पायावर उभे होते, आणि रुपरावांना सगळं जग ज्याच्या त्याच्या खणात ठेवल्यासारखं वाटलं.

आठ वाजता महादेवरावांची बायको, शोभाताई, अंगणातून हाक मारत आल्या. टोरांटोचा फोन होता. महादेवराव हे निवृत्त हेडमास्तर. फोन त्यांच्या पुढच्या खोलीत, भरतकाम केलेल्या रुमालाखाली असे. रुपरावांनी रिसीव्हर कानाला लावला आणि आनंदाने मोठ्याने विचारलं, जेवली का तुझी माय? पलीकडे खरखर झाली. मग ताराचा आवाज आला, अगदी जवळून, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

"बाबा, माय नाही आली."

विमान वेळेवर आलं होतं. सगळी माणसं बाहेर पडली होती. तारा, आठवा महिना भरत आलेला, चार तास तिथे उभी होती. यादीत नाव होतं, पण ती विमानात बसलीच नव्हती. लंडनला उतरल्याची नोंद होती, पुढे काही नाही. चौकशी करतो, असं सगळेच सांगत होते. तारा रडत नव्हती, आणि ती रडत नाही हे रुपरावांना जास्त भयंकर वाटलं. ते तिला म्हणाले, तू झोप, पोटात लेकरू आहे, तुझी माय शहाणी आहे. हे वाक्य म्हणताना त्यांना कळलं की ते आपण आयुष्यात पहिल्यांदा म्हणतो आहोत. फोन ठेवल्यावर त्यांना त्या पहाटेची लाज वाटली. चार वाजता अंथरुणात ते हसले होते, आणि तेव्हा ती कुठेच पोचलेली नव्हती. चार तास त्यांनी एक घटना उपभोगली होती, जी घडलीच नव्हती. तलावावरच्या त्या म्हाताऱ्याकडे जाऊन, नाही हो, नाही पोचली, असं सांगून यावं, असं त्यांना खुळ्यासारखं वाटत राहिलं.

ते घरी गेले नाहीत. फोन इथे होता, म्हणून इथेच, महादेवरावांच्या ओट्यावर बसून राहिले. महादेवराव जवळ बसून समजावत होते की लंडनचं विमानतळ म्हणजे आपल्या इतवारीच्या बाजाराएवढं असतं, माणूस इकडचं तिकडे होणारच, तिथे पोलीस फार चांगले. रुपराव हो हो म्हणत होते. त्यांच्या आत एकच वाक्य चालू होतं, त्यांच्याच आवाजात : बसवतील तिथून हालू नको. तिने ऐकलं असणार. ती ऐकते. कुणीतरी तिला एका बाकावर बसवलं असेल, कुणीतरी विसरलं असेल, आणि ती बसली असेल. माणसं येत असतील, जात असतील, गाड्या, विमानं, आणि ती पुठ्ठे गळ्यात घालून, मांडीवर पिशवी धरून, माणूस येईल म्हणून बसली असेल. तहान लागली असेल. उठली नसेल. आपण तिला असं वाक्य दिलं जे तिथे खोटं ठरलं, आणि ते बदलून द्यायला आता कुठलीच गाडी नाही. आठ हजार मैल म्हणजे काय, ते त्यांना आत्ता कळलं. चुकीचा शब्द परत घ्यायला जितका वेळ लागतो तितकं अंतर.

दुपारी शोभाताईंनी त्यांच्यापुढे ताट आणून ठेवलं आणि ते उष्टं करत नाहीत असं पाहून स्वतःही पायरीवर बसल्या. जरा वेळाने त्या म्हणाल्या की प्रयागबाई इथेच बसली होती एकदा. याच ठिकाणी, भिंतीला टेकून. कधी, असं रुपरावांनी विचारलं. ते आमल्याकडे पाण्याने रूळ वाहून गेले होते ना, त्या वर्षी, शोभाताई म्हणाल्या. तुमची गाडी अडकली होती. कोणी म्हणे डबे नदीत गेले. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता, रेडिओ होता. सकाळपासून येऊन बसली. जेवली नाही, बोलली नाही. बातम्या लागल्या की आत येऊन उभी राहायची, संपल्या की पुन्हा बाहेर. "मी म्हनलं, वं बाई, रडून तं घे. तं म्हने, आत्ताच काहून रडू? आले तं फुकट जाईन." शोभाताई हे सांगताना किंचित हसल्या.

रुपरावांना ते वर्ष आठवत होतं. अडुसष्ट. एकोणीस तास उशिरा ते घरी पोचले होते, चिखलाने भरलेले, उपाशी, आणि रस्ताभर त्यांनी मनात रचून ठेवलं होतं की कसा आवाज झाला, कसा डबा कलला, कसे ते आणि दोघे शिपाई थैल्या डोक्यावर घेऊन पुढच्या स्टेशनपर्यंत चालत गेले. दार उघडून प्रयागबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं होतं, आंघोळीले पाणी काढू का? बस. दुसरं काही नाही. त्यांना राग आला होता. हिला काहीच कसं वाटत नाही, असं म्हणून त्या रात्री ते भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि तो राग हळूहळू विरून त्यांच्यात एक मत होऊन राहिला होता : प्रयागबाई चांगली बाई आहे, पण तिच्या मनाला ओल कमी. अकरा वर्षं ते हे मत घेऊन जगले. आणि इथे, घरापासून वीस पावलांवर, याच भिंतीला ती एक अख्खा दिवस टेकून बसली होती, आणि दोन्ही घरांत हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना सोडून. तेहतीस वर्षांत ते किती वेळा गेले असतील? आठवड्याला दोनदा. प्रत्येक वेळी तिने हे थोडं थोडं केलं असेल, कुणाला न दिसेल असं; डबे पुसताना, ताराची वेणी घालताना, मनात आता पांढुर्णा, आता आमला. की तिला गावांची नावंही माहीत नव्हती? त्यांनी ती कधी सांगितली होती का? त्यांनी पाठ भिंतीला टेकवली. भिंत दुपारच्या उन्हाने तापली होती, आणि ती ऊब पाठीला लागताच त्यांचे डोळे भरून आले. ताट समोर तसंच होतं. शोभाताई उठून आत गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, हे त्यांचं शहाणपण.

सायंकाळी सातला तार आली. तारवाला सायकल टेकवून आधी रुपरावांच्या दाराशी गेला, मग इकडे आला. पाकीट फोडताना रुपरावांनी सवयीने आधी वरचे आकडे वाचले, कुठून निघाली, किती वाजता. आणि मग मजकूर. माय लंडनमध्ये सापडली, बरी आहे, आज रात्री पोचते, तारा. महादेवरावांनी मोठ्याने वाचून दाखवली, शोभाताईंनी साखर आणली. रुपरावांनी साखर तोंडात टाकली, हात जोडले, आणि तार घडी करून खिशात ठेवली. सापडली हा शब्द मात्र त्यांना खुपत राहिला. घरी येऊन दिवा लावला तेव्हा त्यांना छप्पन साल आठवलं. दीक्षेचा तो दिवस. पांढऱ्या कपड्यांतली माणसं इतकी की जमीन दिसेना, आणि त्या लोटात प्रयागबाईचा हात त्यांच्या हातातून सुटला. सहा वर्षांची तारा त्यांच्या खांद्यावर होती. तीन तास ते प्रयागबाईला शोधत फिरले, हाका मारून घसा बसला, ओळखीच्या माणसाला विचारत राहिले, बाई दिसली का, आमची बाई हारपली. शेवटी संध्याकाळी रडवेले होऊन घरी आले तर भात शिजून तयार. ते ओरडले होते तिच्यावर. कुठे हारपली होतीस? आणि ती ताराला खांद्यावरून उतरवून घेत म्हणाली होती, "मी कुठं हारपली? मले घर मालूम होतं. तुमीच हारपले होते." तेव्हा ते त्यांना उलट उत्तर वाटलं होतं. आज दिव्यासमोर बसून त्यांनी ते पुन्हा ऐकलं, आणि त्यात उलट काही नव्हतं, सरळ होतं. ती जिथे उभी असते तिथे ती असते. शोधायला निघालेला माणूस हरवतो. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून नागपूरच्या वेळेला लावलं आणि झोपायला गेले. तिच्याबरोबर आभाळात सरकायचा प्रयत्न त्या रात्री त्यांनी केला नाही.

शुक्रवारी सकाळी सातला फोन आला तेव्हा ते आधीच महादेवरावांच्या खोलीत, दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. तारा आधी बोलली, हसत आणि रडत, दोन्ही. मग खडखडाट झाला, रिसीव्हर कुणाच्या तरी हातातून कुणाच्या तरी हातात गेला, आणि मग काहीच ऐकू येईना. फक्त श्वास. तो श्वास त्यांनी ओळखला.

"आयकू येते का?" प्रयागबाईंनी विचारलं.

येते, असं ते म्हणाले. पण त्यांचं येते तिकडे पोचायच्या आतच तिने पुन्हा विचारलं, आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले. मग दोघंही थांबले. असं दोनदा झालं. मग त्यांना जमलं. एकाने बोलायचं, मग मनात एकदोन मोजायचं, तोवर दुसऱ्याने गप्प राहायचं. इतक्या निगुतीने ते एकमेकांशी कधीच बोलले नव्हते. जेवली का, असं त्यांनी विचारलं. जेवली, ती म्हणाली. तारा चांगली हाये, पाय सुजले थोडे. मग ती आपण होऊन सांगू लागली. एका पोरीने तिला बाकावर बसवलं आणि गेली. ती पोरगी काही परत आली नाही. प्रयागबाई बसून राहिली. समोरून इतकी माणसं गेली की मोजता मोजता तिचा डोळा लागला, उघडला तरी माणसं जातच होती. काचेतून ऊन दिसे. दिस काही केल्या बुडेना, म्हणून किती वेळ झाला ते कळेना. तहान लागली. "तुमी सांगतलं होतं हालू नको. मंग मी इचार केला, नागपुरात बसून यायले का मालूम इथलं. आन उठली." रुपरावांनी डोळे मिटले. तिथे एक बाई फरशी पुसत होती, प्रयागबाई सांगत होती, सलवार घातलेली, पंजाबातली. तिच्याशी ती हिंदीत बोलली. त्या बाईने आधी तिला पाणी पाजलं, मग हाताला धरून साहेबाकडे नेलं, आणि आपलं काम सुटल्यावरही घरी गेली नाही, तिची निजायची सोय होईपर्यंत जवळ बसून राहिली. प्रयागबाईने तिला अर्धे लाडू देऊन टाकले. ताराले कमी पडतील, ती म्हणाली, पण बाई लय चांगली होती.

बरं केलं, रुपराव म्हणाले. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. आमल्याचं, ओट्याचं, त्या मताचं जे त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं. खोलीत महादेवराव वर्तमानपत्र उघडून न वाचता बसले होते आणि शोभाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात प्रयागबाईंचा आवाज खाली आला, कुणी ऐकेल म्हणून आणावा तसा.

"तो साहेब कागद भरून राहिला होता. माह्यं नाव इचारलं. मंग म्हने, नवऱ्याचं नाव सांग."

रुपराव थांबले. एकदोन मोजूनही ती पुढे बोलेना. अडतीस वर्षांत तिने ते नाव घेतलं नव्हतं. यादीवाले यायचे, रेशनवाले यायचे, तेव्हा ती ताराला पुढे करायची, तारा शाळेत असली तर शोभाताईंना हाक मारायची. कुणीच नसलं तर भिंतीवरच्या रुपरावांच्या फोटोकडे बोट दाखवायची. तिथे ना तारा होती ना फोटो.

"मंग?"

"मंग का. सांगा लागलं." श्वास ऐकू आला. "त्याले समजेच ना. चार येळा सांगा लागलं. लय जोरानं."

"का नाव सांगतलं?" रुपरावांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, वीस-बावीस वर्षांच्या कुणा पोराचा असावा तसा. महादेवरावांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. पलीकडे काही नव्हतं. फक्त लांबवरची, समुद्राच्या तळातून यावी तशी घरघर. फोन तुटला असं त्यांना वाटलं. एक मोजलं, दोन मोजलं, तीन, चार. मग तिचा आवाज आला, हळू, पण एकेक अक्षर सुटं करून, वर्गात शिकवलं होतं तसं.

"रुपराव," प्रयागबाई म्हणाली. आणि थोडं थांबून, "रुपराव गजभिये."

हजेरीला त्यांनी हे नाव ऐकलं होतं, साहेबांच्या तोंडून, पेन्शनच्या खिडकीतून. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"ओ," त्यांनी उत्तर दिलं.

ती ओ तिकडे पोचायला जो वेळ लागला तेवढा वेळ खोलीत कुणी हललं नाही. मग पलीकडे ती हसली.